मोठ्या सहलीसाठी रजा अशी साठवा

चारधामसारखी दहा-बारा दिवसांची यात्रा ठरते आणि नेमकी घरातल्या एकाची रजा कमी पडते. सरकारी नोकरीत वर्षाला 30 अर्जित रजा (कामाच्या दिवसांवर जमा होणारी, म्हणजे अर्न्ड लीव्ह) मिळतात. महाराष्ट्रातल्या खासगी दुकान-कार्यालयांत 240 दिवस भरले, की दर 20 दिवसांमागे एक.

1. बँक, दवाखाना, शाळेची मीटिंग यांना नैमित्तिक रजाच (छोट्या अडचणींसाठीची कॅज्युअल लीव्ह) टाका. 2017 च्या दुकाने-आस्थापना कायद्यातल्या या 8 रजा वर्षाअखेर बुडतात. अर्जित मात्र 45 पर्यंत साठतात.
2. ज्याची शिल्लक सर्वांत कमी, त्याच्या तारखा आधी धरा.

तिकिटं काढण्याआधी एचआरला जरूर विचारा: मधले शनिवार-रविवार रजेत मोजता का? काही कंपन्या मोजतात, आणि पाचाच्या सात रजा कापल्या जातात.