लेकरांची चाचणी घेताना या चुका टाळा

ऊसतोडीहून परतलेल्या लेकराची त्याच आठवड्यात बुद्ध्यांक चाचणी घेऊ नका. नव्याने या कामात आलेल्या प्रत्येकाला मी हे सांगते, तरी दर उन्हाळ्यात तसलेच रिपोर्ट पुढ्यात येतात.

बीडकडच्या एका तांड्यावरचा चौथीतला पोरगा. दिवाळीनंतर आईबापासोबत कारखान्यावर गेलेला, मार्चअखेर परतला. कुणीतरी तासाभरात बिने-कामत ही बुद्ध्यांक चाचणी उरकून लिहून दिलं: सौम्य मतिमंद. घरात गोरमाटी म्हणजे बंजारा बोली, चाचणी पुस्तकी मराठीत, अर्धं वर्ष शाळा नाही. शब्दांचे अर्थ विचारल्यावर पोरगं गप्प बसणार नाही तर काय? माझ्यासमोरही ते मान खाली घालूनच बसलं. मग कागद बाजूला सारून मी उचलीचं, म्हणजे तोडीआधी मिळणाऱ्या आगाऊ पैशांचं विचारलं. कोयत्याला म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला किती उचल घेतली, टनाला काय भाव, फिटायला किती टन तोडावा लागेल, सगळा हिशेब त्यानं तोंडी केला. वर वजनात काटा कसा मारतात तेही समजावलं.

एकट्या बुद्ध्यांकावर बौद्धिक अक्षमता, म्हणजे ज्याला आधी मतिमंदत्व म्हणत, ती ठरतच नाही. रोजच्या जगण्यात लेकरू काय काय निभावतं हेही तपासावं लागतं. ते करायला वेळ जातो, म्हणून गाळतात. माझी सवय अशी: आधी हजेरीपट, मग घरची भाषा, मग डोळे आणि कान. चाचणीची पेटी शेवटी उघडायची. शाळा बुडाल्यामुळे वाचन कच्चं असेल तर त्याला अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन-गणित न जमणं, म्हणत नाहीत. आधी काही महिने नीट शिकवून बघा.

आठ वर्षांच्या आत अध्ययन अक्षमतेचा शिक्का मारू नका.

तीच चाचणी महिन्याभरात पुन्हा घेऊ नका, उत्तरं लक्षात राहतात.

दहावीच्या तोंडावर परीक्षेतल्या जादा वेळेसाठी अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र मागायला आलेल्या पालकांना 'बघू' म्हणून झुलवू नका. आठवीतच शाळेला जागं करा.

लातूरला नीटची तयारी करणारी मुलगी 'लक्ष लागत नाही' म्हणाली, की लगेच एकाग्रतेचे व्यायाम देतात. झोपते किती, मेसचं जेवण पोटात जातं का, घरी शेवटचं कधी गेली, हे कुणी विचारत नाही. आणि हे सगळं वडील शेजारी बसलेले असताना विचारू नका. ती 'सगळं बरंय' एवढंच म्हणेल. वडिलांना चहाला पाठवा.

बुद्ध्यांकाचा नुसता आकडा व्हॉट्सॲपवर तर अजिबात धाडू नका. संध्याकाळपर्यंत तो भावकीत फिरतो.