मसाई पठारावर व्हीलचेअर न्यायची तर

गणपती उठले की कोल्हापुरात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर फुलं बघायला जायचे बेत सुरू होतात. घरातलं कुणी व्हीलचेअरवर असेल तर आधी त्यांनाच विचारा: सलग किती वेळ बसवेल, अडलंच तर उचललेलं चालेल का, आणि कुणी उचललेलं? बाकी सगळे मिळून डबे-गाड्या ठरवतात आणि हेच विचारायचं राहतं.

आदल्या दिवशी पन्हाळ्यात ओळखीच्या कुणाला फोन लावून गाडी वर कुठवर जाते, चिखल किती आहे, ते विचारून घ्या. जुलैत जाऊ नका. तेव्हा धुकं, वारा आणि पावनखिंडीच्या मोहिमांची गर्दी असते. सप्टेंबरातला उघडीप असलेला दिवस बघा, रविवार सोडून.

खरी परीक्षा खुर्चीची. पठारावरचा जांभा दगड खडबडीत, खळग्याखळग्यांचा. पुढचं छोटं चाक त्यात रुतलं की बसलेला माणूस तोंडावर जातो. म्हणून कमरेला पट्टा हवाच, आणि अशा जागी खुर्ची फिरवून मोठी चाकं आधी, अशी उलटी ओढत न्यायची. तीव्र उतारालाही उलटीच. ब्रेक, चाकांतली हवा घरीच बघा, पंप बरोबर ठेवा. ढकलायला दोघं धडधाकट हवेत, पायात पकड असलेले बूट. शेवाळावर कोल्हापुरी मिरवायची नाही. खुर्ची डिकीत बसते का, हेही दारातच करून बघा.

पिशवीत बसायची गादी, शाल आणि आखूड रेनकोट; लांब असला तर चाकात जातो. खुर्ची स्वतः चालवणाऱ्यांना हातमोजे, कारण चाकाची हातानं फिरवायची रिंग चिखलानं बरबटते. बाथरूमचं पन्हाळ्यातच उरकायचं, पण तिथं पायरी किती, दार किती रुंद, हे आधीच कळलेलं बरं. वर आडोसा म्हणून नाही, तेव्हा युरिनल पॉट आणि एक जुनी चादर घ्याच.

वर पोचल्यावर खुर्ची गाडीवाटेवरच ठेवा. कातळावर मातीचा थर जेमतेम, त्यातच ही सगळी फुलं तगतात. एक चाक फिरलं तरी चिरडतात. पठार 2022 पासून संवर्धन राखीव आहे, पण राखायचं शेवटी आपणच. ओलसर कडेला सीतेची आसवं आणि गेंद ही फुलं वाटेवरूनही दिसतात. दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती. तो मात्र पार जमिनीलगत, बसल्या जागेवरून दिसायचाच नाही. कुणीतरी वाटेच्या काठाशी गुडघे टेकावेत आणि मोबाईलवर जवळून टिपून दाखवावा. पानावरच्या लालसर केसांच्या टोकाला चिकट थेंब असतात, त्यात अडकलेलं चिलटही फोटो मोठा केल्यावर दिसतं. खुडून हातात द्यायचं नाही, कितीही माया असली तरी.

गप्पांच्या नादातही खुर्चीवरच्या माणसानं दर पंधरा-वीस मिनिटांनी बैठकीवरचा भार हलवायची आठवण ठेवा. घरी आल्यावर पुढच्या चाकांत गुंतलेलं गवत काढा. पायांत संवेदना कमी असेल तर टाचा आणि बैठकीची जागा उजेडात तपासा. लाल डाग दाबूनही फिका पडत नसेल तर त्या जागी भार देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.