पहिलं महायुद्ध शिकवायचंय? वर्गात स्टेशनं लावा

पहिल्या महायुद्धाचा धडा नुसता वाचून घेतला की पोरांच्या लक्षात काय राहतं, तर साराजेव्हो (ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला ते शहर), २८ जून १९१४ आणि व्हर्सायच्या तहाची चार कलमं, बस. त्यापेक्षा एक जोडतास मागून घ्या आणि चार स्टेशनं लावा. म्हणजे प्रत्येक कोपऱ्यात एक काम आणि गट फिरत राहणार. वर्गात पन्नासेक पोरं असतील तर सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स, सहा-सहाचे आठ गट (म्हणजे एका स्टेशनवर दोन गट), पंधरा मिनिटं झाली की शिट्टी. गट कुठूनही सुरू होणार त्यामुळे एक स्टेशन दुसऱ्यावर अवलंबून ठेवू नका, आणि कोण कोणाच्या बाजूने होतं हे आदल्या दिवशीच फळ्यावर सांगून टाका. पोस्टर चिकटवून "वाचा" म्हणाल तर कोणी वाचत नाही, प्रत्येक ठिकाणी काहीतरी ठरवायला लागलं पाहिजे.

पहिलं सोपंय, कार्डं. २८ जुलैला ऑस्ट्रिया-हंगेरीचं सर्बियाशी युद्ध, १ ऑगस्टला जर्मनीचं रशियाशी, ३ला फ्रान्सशी, ४ला ब्रिटन उतरलं. तारखा मागच्या बाजूला लिहा, क्रम पोरं लावतील, आणि हे कुठे थांबवता आलं असतं त्या कार्डावर खडू ठेवतील. भांडणं होतात, होऊ द्या.

दुसरं खंदक. फरशीवर खडूने नागमोडी रेघा मारा, आत उभं करा आणि विचारा सरळ का नाही खणला? (एका टोकाला शत्रू घुसला तर अख्ख्या रांगेवर गोळ्या झाडेल म्हणून.) काठ्यांच्या बंदुका करून लढाई खेळायला मात्र देऊ नका, त्याची लगेच मजा होते. त्याऐवजी शेजारी एक चिठ्ठी ठेवा: फ्रान्समधली सोमची लढाई, १ जुलै १९१६, एका दिवसात ब्रिटिशांचे १९ हजारांवर मेले.

तिसरं माझं आवडतं, पत्रं. फ्रान्समधल्या हिंदी सैनिकांची पत्रं सेन्सॉर वाचायचा, म्हणून काहींनी लिहिलं की काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरतायत. काळी म्हणजे आपले, लाल म्हणजे गोरे. एका पोराला सेन्सॉर करा, बाकीच्यांनी "इथे फार माणसं मरतायत, भरती होऊ नका" एवढं घरी कळवायचं पण त्याला सापडायचं नाही असं पत्र लिहायचं. या गटाला पंधरा मिनिटं कधीच पुरत नाहीत.

चौथं कूत, आताच्या इराकमध्ये. सहावी पुणे डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून तिथे तुर्कांच्या वेढ्यात अडकली, त्यात मराठा पलटणीही होत्या. अन्न संपत आलं तेव्हा घोड्याचं मांस द्यायला लागले, बऱ्याच हिंदी शिपायांनी धर्मापायी ते नाकारलं. शेवटी २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. गटाला विचारा, तुम्ही खाल्लं असतं का, आणि गावी परतल्यावर सांगितलं असतं का? पोरं एकदम गंभीर होतात इथे, मध्ये बोलू नका.

व्हर्सायचा तह (युद्धानंतर जर्मनीशी झालेला) दुसऱ्या दिवशी फळ्यावरच घ्या, त्याला स्टेशन लागत नाही. आणि सातारा, कोकणाकडची शाळा असेल तर गृहपाठ द्या: चावडी, देऊळ, जुनी शाळा इथे "या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले" असा इंग्रजी-मराठी दगड आहे का बघायचा, आकडे उतरवून आणायचे आणि मेले किती तेही.