ख्रिस्ती असून झेन शिबिराला जाताय? या चुका टाळा

कोडाईकनालजवळ पेरुमलमलाईला बोधी झेंडो म्हणजे झेन ध्यानाचं केंद्र आहे, जेझुइट फादर आमा सामींनी १९९६ साली सुरू केलेलं. मी तिथे चारदा जाऊन आलोय. दरवेळी आपल्या वसईकडचं नाहीतर पुण्याचं कोणीतरी भेटतंच आणि तेच ते करत असतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बैठकीत प्रार्थना करत बसणं. झाझेनला, म्हणजे झेन पद्धतीच्या ध्यानाला बसलं की श्वास मोजायचा, एक ते दहा, चुकलं की परत एकपासून, बस्स. पण आपल्याला लहानपणापासूनची सवय, शांत बसलं की ओठांवर 'हे प्रभू' येतंच. पहिल्या वेळी मीपण खिशात रोझरी घेऊन बसलो होतो, बोटांनी मणी सरकवायचे आणि आईचं ऑपरेशन, बहिणीचं लग्न सगळं येशूपुढे मांडायचं, असे तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी दोकुसान, म्हणजे गुरूंची एकट्याने भेट असते ती. त्यांनी एवढंच विचारलं, श्वास कसा चाललाय? आणि मला सांगताच येईना, कारण त्याच्याकडे मी बघितलंच नव्हतं. रडू आलं मला तिथे. त्या रात्री माळ बॅगेत ठेवली. आता मागायचं ते मिस्सेत मागतो, एकेकाचं नाव घेऊन, आणि झेंडोत नुसता बसतो. एलीयाला देव वाऱ्यात, भूकंपात, अग्नीत नाही भेटला, त्यानंतरच्या मंद वाणीत भेटला (१ राजे १९). आपणच बोलत राहिलो तर ती ऐकू कशी येणार?

दुसरं म्हणजे पाय. बैठक पंचवीस मिनिटांची, मग किनहिन म्हणजे हळूहळू चालणं, मग परत बैठक, असं दिवसभर. फोटोत बघून आलेले लोक पहिल्याच दिवशी पद्मासन घालतात. आमच्याकडच्या एका मुलाला मी दोनदा सांगितलं, ऐकलं नाही, घंटा झाल्यावर सुन्न पायावर तसाच उठला आणि घोटा मुरगळून पडला, बाकीचं शिबिर खुर्चीत. खुर्चीत बसूनही झाझेन होतं हो, त्यात कमीपणा कसला? मी झाफूच्या, म्हणजे बसायच्या गोल उशीच्या, पुढच्या कडेवर बसतो, गुडघा टेकत नसेल तर खाली चादरीची घडी घालतो, आणि मुंग्या गेल्याशिवाय उठत नाही.

प्रकाश दिसला, सुगंध आला? ध्यानातल्या अशा भासांना माक्यो म्हणतात, सोडून द्या. व्हॅटिकनचं १९८९ चं पत्रही हेच बजावतं की अशा सुखद संवेदनांना पवित्र आत्म्याचं सांत्वन समजू नका. पण इतर धर्मांतल्या पद्धती सरसकट टाकून देऊ नका, असंही त्याच पत्रात आहे, ते कोणी वाचत नाही.

सामू, म्हणजे झाडलोट, भाजी चिरणं वगैरे, चुकवू नका.

पॅरिशपासून लपवून शिबिराला जाऊ नका. हिरोशिमाच्या बॉम्बमधून वाचलेले जेझुइट फादर एनोमिया-लासाल जपानमधल्या कामाकुराच्या यामादा कोउन रोशींकडे (रोशी म्हणजे झेन गुरू) शिकले आणि शेवटपर्यंत फादरच राहिले. आमा सामीही त्याच रोशींचे शिष्य. आपल्या फादरांना सरळ सांगून जा.

आणि ॲपवर दहा दहा मिनिटं करून थेट सेशिनला, म्हणजे अनेक दिवसांच्या सलग ध्यान-शिबिराला येणाऱ्यांनो, कृपा करून घाई करू नका. आधी महिनाभर घरी रोज पंचवीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसा, एकही दिवस न चुकवता. ते जमलं की मग कोडाई रोडचं तिकीट काढा.