मागचा डिफरन्शियल घेताना नाव विचारू नका, दाते मोजा

"जीपचाच आहे, बसेल की" एवढ्या आश्वासनावर भंगारातून मागचा एक्सल (चाकांना जोडणारा आडवा भाग, इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा डिफरन्शियल त्याच्याच पोटात असतो) उचलला, तर टेम्पोचं भाडं बहुतेक दोनदा पडतं: एकदा आणायचं, एकदा परत करायचं. एकाच नावाच्या गाडीत इंजिन आणि वर्षाप्रमाणे रेशो, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्याला इंजिनकडून येणारा शाफ्ट किती फेरे फिरतो तो आकडा, वेगळा निघतो. शिवाय तीस वर्षं रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या रस्त्यांवर फिरलेल्या गाडीखाली आधीच्या मालकांनी काय काय बसवलंय, हे आरसी बुकात लिहिलेलं नसतं. म्हणून आपल्या गाडीखालचा आणि विकत घ्यायचा, दोन्ही एक्सल सारख्याच पद्धतीने मोजायचे.

त्याआधी आवाज खरंच डिफरन्शियलचा आहे का, ते बघा. हायवेच्या काँक्रीटवर घुमणारा आवाज आतल्या डांबरी रस्त्याला लागताच बदलला, तर दोष टायरच्या नक्षीचा. ॲक्सिलरेटर दाबला की "हूंऽऽ" सुरू होतो आणि सोडला की थांबतो किंवा सूर बदलतो, तो क्राऊन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक आणि त्याला फिरवणारं छोटं) दात्यांचा. दाबा किंवा सोडा, आवाज सारखाच घरघरतोय आणि फक्त वेगाबरोबर वाढतोय, तर बेअरिंग. फक्त वळणावर येत असेल तर चाकाचं बेअरिंग किंवा वळणावर दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे आतले छोटे स्पायडर गिअर. क्लच सोडताना "ठक्" झालं की लगेच डिफरन्शियलवर आळ घेऊ नका. आधी प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, हाताने हलवून पाहा. स्वस्तातला दोष नेहमी आधी तपासावा.

आता रेशो. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडसर लावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडब्रेक सोडा. सीजे-३बीसारख्या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून शाफ्टवर असतो, तो ओढलेला राहिला तर काहीच फिरणार नाही. मागचं एकच चाक जॅकवर उचला आणि एक्सलखाली लोखंडी स्टँड द्या. जांभ्याचा चिरा अडसर म्हणून चालेल, पण त्यावर गाडीचं वजन टाकून खाली शिरू नका. चिरा सूचना न देता फुटतो. प्रॉपेलर शाफ्टवर आणि टायरवर खडूची रेघ मारा. उचललेलं चाक बरोबर २० फेरे फिरवा, दुसऱ्या माणसाने शाफ्टचे फेरे मोजायचे. त्या आकड्याला १० ने भागलं की रेशो मिळाला. दुसरं चाक जमिनीवर थांबलेलं असल्यामुळे या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक, एवढंच त्यातलं गणित. शाफ्ट ४१ फेरे फिरला तर ४.१, ४९ ला थोडा कमी पडला तर ४.८८, ५४ ला थोडा कमी पडला तर ५.३८.

दोन्ही चाकं उचलून एक फिरवलं तर साध्या डिफरन्शियलमध्ये दुसरं उलट फिरतं. दोन्ही एकाच दिशेला फिरली तर आत लिमिटेड स्लिप (एक चाक नुसतं घसरू न देणारी रचना) आहे, नाहीतर कुणीतरी चिखलातल्या शर्यतीसाठी स्पायडर गिअर वेल्ड करून ठेवलेत. तसला एक्सल रस्त्याच्या गाडीला घेऊच नका. वळणावर टायर घासतात आणि पावसात मागची बाजू सरकते.

फेऱ्यांवरून अंदाज येतो, खात्री दात्यांवरूनच होते. ३७ ला ९ ने भागा, ४.११ येतात, ४१ ला १० ने भागा, ४.१० येतात. फेरे मोजून हा फरक कळत नाही. मागचं झाकण बोल्टवर असेल तर ते उघडून क्राऊनचे दाते मोजा, पिनियनचे दाते मोजा आणि फोटो काढून ठेवा. सीजे-३बीच्या मूळ ५.३८ मध्ये क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दाते. झाकणाच्या एखाद्या बोल्टखाली दातेसंख्या ठोकलेली पत्र्याची पट्टी कधीकधी सापडते. मात्र पट्टी जुनी आणि आतला माल बदललेला, असंही होतं. क्राऊन आणि पिनियन दोन्हींवर जोडीचा एकच नंबर कोरलेला असतो. तो जुळत नसेल तर दोन वेगवेगळ्या गाड्यांचा संसार मांडलाय असं समजा, आवाज जाणार नाही.

बसण्यासाठी मापं घ्यायची ती अशी: डाव्या ड्रमच्या तोंडापासून उजव्या ड्रमच्या तोंडापर्यंतची रुंदी, स्प्रिंग बसायच्या दोन गाद्यांमधलं अंतर, पिनियन मधोमध आहे की एका बाजूला सरकलेलं, प्रॉपेलर शाफ्ट जोडायच्या फ्लँजच्या बोल्टांची मापं, एक्सल शाफ्टच्या टोकावरच्या खाचा आणि चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ. जुन्या जीपला पाच बोल्ट ५.५ इंच वर्तुळावर असतात. विलीजच्या वळणाच्या जुन्या जीपमध्ये डाव्या चाकाचे नट उलट्या आट्यांचे असतात, ते माहीत नसलं की पान्याला पाइप लावून बोल्टच तुटतो.

कोकणात यापुढची तपासणी जास्त महत्त्वाची. मासळी वाहणाऱ्या गाडीचा एक्सल असेल तर बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं हौसिंगवर (एक्सलच्या बाहेरच्या कवचावर) गळलेलं असतं. स्प्रिंगच्या गादीभोवती तारेच्या ब्रशने घासा आणि छोट्या हातोडीने ठोका. खणखणीत आवाज यायला हवा, बद्द आला तर पत्रा आतून गेलाय. ऑइल बघताना आधी भरायचा बूच सैल करा, मगच खालचा उघडा. वरचा गंजून अडकला आणि खालून ऑइल सांडलं, तर भरायचं कुठून? ऑइल दुधाळ चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. चिपळूणसारख्या ठिकाणी २००५ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे भाग आजही कुठे ना कुठे फिरत असणार. नुसतं ऑइल बदलून ते ठीक होत नाहीत, कारण उभ्या गाडीत बेअरिंगच्या रोलरवर गंजाचे खड्डे पडलेले असतात. बोट फिरवून पाहा, नख अडलं तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करा. दात्यांवर खड्डे असतील तर विषय संपला.

कुठला रेशो घ्यायचा, हा वादाचा भाग. आपल्या टायरला आणि जमिनीला खडूची खूण करून भरलेली गाडी एक फेरा ढकला आणि अंतर मोजा. समजा २.२ मीटर भरलं. ताशी ६० किमी म्हणजे मिनिटाला बरोबर १००० मीटर, म्हणजे चाकाचे साधारण ४५५ फेरे. टॉप गिअर थेट (इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने) असेल तर ५.३८ ला इंजिन २४४० च्या आसपास फिरेल, ४.८८ ला २२२० आणि ४.१० ला १८६५. हायवेवर ४.१० शांत वाटतो खरा, पण आंबा किंवा करूळ घाटात माणसं आणि सामान भरून चढताना दुसऱ्यातून पहिल्यात सारखं यावं लागतं. त्याहून वाईट म्हणजे उतरताना इंजिनचा अडसर कमी पडतो आणि ब्रेक तापतात. जुन्या, कमी ताकदीच्या इंजिनाला आणि भार वाहणाऱ्या गाडीला मूळ रेशोच ठेवावा, असं आमचं स्पष्ट मत. मोठे टायर घातले असतील तर उलट आकडा वाढवावा लागतो. स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्सकडून येत असेल, तर ५.३८ काढून ४.१० घातल्यावर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी जवळजवळ ७९ ने धावत असेल.

फोर व्हील असेल तर निवडीला वावच नाही. पुढचा आणि मागचा रेशो जुळलाच पाहिजे. नाहीतर कोरड्या डांबरावर फोर व्हील लावताच ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारी पेटी) आणि शाफ्ट एकमेकांशी झुंजतात.

बसवताना बॅकलॅश (क्राऊन आणि पिनियनच्या दात्यांमधली मोकळीक) डायल गेजने क्राऊनच्या चार जागी मोजा. त्या हौसिंगचं मॅन्युअल हाती असेल तर त्यातला आकडा. डाना ४४ पद्धतीच्या जीप एक्सलला तो ०.१३ ते ०.२५ मिमी असतो. मग दात्यांना शेंदूर ऑइलमध्ये कालवून पातळ लावा आणि क्राऊनला हाताने थोडा अडसर देत पिनियन फिरवा. शेंदूर म्हणजे शिशाचंच संयुग, त्यामुळे चहाचा कप धरण्याआधी हात धुवा. उमटलेला ठसा दात्याच्या मधोमध हवा. दात्याच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत गेलंय, शिखराशी आला तर फार बाहेर राहिलंय. तिथे शिम (पिनियनमागची पातळ चकती) बदलावी लागते. क्राऊनच्या आतल्या टोकाला सरकला तर क्राऊन थोडा लांब न्या, बाहेरच्या टोकाला सरकला तर जवळ आणा. दर वेळी बॅकलॅश पुन्हा मोजायचा. सगळे ऑइल सील नवेच घाला.

ऑइल जीएल-५ दर्जाचं, ९० किंवा ८०डब्ल्यू-९०, भरायच्या छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत. तेच गिअरबॉक्समध्ये ओतू नका. पितळी सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणाऱ्या कड्या) असलेल्या बऱ्याच गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं. नवीन क्राऊन-पिनियन असेल तर पहिले ८०० किमी भार आणि घाट टाळा, मग ऑइल बदला. आणि एक्सलवरचा ब्रीदर (आतली हवा ये-जा करायचं छोटं तोंड) उघडा आहे ना, ते बघा. तो चिखलाने बुजला की तापलेला डिफरन्शियल वहाळाच्या पाण्यात थंड होताना सीलमधून पाणी आत ओढतो. ब्रीदरला रबरी नळी जोडून ती चासीवर उंच बांधा, उघडं टोक खाली वाकवून.