शिलाँगला गलाईचं दुकान टाकायचंय? आधी हद्द विचारा

गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा आपला धंदा. विटा-आटपाडीकडची पोरं फोन करतात आणि पहिला प्रश्न येतो, "काका, गाळ्याचं भाडं किती?" भाड्याचं नंतर बघू. गाळा कुणाच्या हद्दीत येतो, ते आधी विचारा.

शिलाँग येतं मेघालयच्या खासी टेकड्यांत. तिथे राज्य सरकार आहेच, पण संविधानाच्या सहाव्या अनुसूचीखाली १९५२ साली सुरू झालेली स्वायत्त जिल्हा परिषदही आहे. नाव ऐकून आपली सांगलीची झेडपी डोळ्यांसमोर आणू नका. ही परिषद जमीन, जंगल, वारसा, गावप्रमुखाची नेमणूक यांवर स्वतः कायदे करते. २९ सदस्य निवडून येतात, एक नेमलेला. मुख्य कार्यकारी सदस्य म्हणजे तिथला मुख्यमंत्रीच समजा, आणि बाकीचे कार्यकारी सदस्य मंत्र्यांसारखे एकेक खातं बघतात.

आपला संबंध येतो तो व्यापार परवान्याशी. बिगर-आदिवासी माणसाला परिषदेच्या हद्दीत धंदा करायचा तर परवाना लागतो. तसा नियम १९५४ पासून आहे. शिलाँगची लष्करी छावणी या परिषदेच्या हद्दीबाहेर. पालिकेतला जो भाग जुन्या मिल्लिएम संस्थानात होता, तो तसा आत, पण व्यापार परवान्यापुरती सहावी अनुसूची पालिकेची सगळी हद्द बाहेर धरते. बडा बाजार, म्हणजे खासी लोकांचा ईव्दुह, आजही मिल्लिएमच्या सिएमकडे, तिथल्या पारंपरिक राजाकडे आहे.

परवान्याच्या अर्जाआधी मोहल्ल्याच्या रंगबाह श्नोंगला भेटा. तो दोरबारचा, म्हणजे वस्तीच्या सभेचा प्रमुख. मी पहिल्या वर्षी हे न करता थेट परिषदेची कचेरी गाठली, तीन दिवस खिडक्या फिरलो आणि ना-हरकत पत्र नाही म्हणून परत आलो. मग संध्याकाळी घरमालकाला सोबत घेऊन रंगबाहांच्या घरी गेलो. त्यांनी आधी क्वाय पुढे केली, ओली सुपारी आणि चुना लावलेलं पान. ती घ्या, नको म्हणू नका. नावाआधी आदराने 'बाह' लावा, बाईमाणसाला 'काँग' म्हणा. त्यांनी विचारलं, भट्टी किती वाजेपर्यंत पेटते, तेजाबाचा, म्हणजे ॲसिडचा धूर कुठे जातो, कामाला पोरं किती आणि कुठली. मी एकेक खरं सांगितलं. दोरबारच्या शिक्क्याचं पत्र हातात आल्यावर पुढची कचेरी सोपी गेली.

जागा विकत घ्यायचा विचार सोडा. १९७१ च्या जमीन हस्तांतरण कायद्याने बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय जमीन मिळत नाही. भाडेकरार करा, तोही लेखी. कुणी म्हणेल, खासी माणसाच्या नावावर परवाना काढू, तू मागून धंदा कर. अजिबात ऐकू नका. अशा बेनामी धंद्याचा इथल्या लोकांना मनापासून राग आहे आणि तो रास्त आहे. कमी लोकसंख्येच्या समाजाने आपली जमीन आणि बाजार हातचा जाऊ नये म्हणून हे कायदे राखलेत. आपण पाहुणे आहोत.

जीएसटी इथेही लागू आहे. तेजाबामुळे राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधीच विचारून घ्या. हे मंडळ राज्य सरकारचं, त्यासाठी परिषदेत जाऊ नका.

परवाना मुदतीचा असतो. मुदत संपायच्या दोन महिने आधी कागद काढा. माझा परवाना भट्टीच्या डाव्या हाताला भिंतीवर लावलाय. मुशीत सोनं वितळताना तारीख रोज नजरेखालून जाते.