चॉकलेट, दही आणि फळांचे फ्रोझन बाइट्स घरी करताय? या चुका टाळा

मार्चमध्ये महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे भाव उतरले की आमच्या घरी बॉक्सच्या बॉक्स येतात आणि मग जॅम वगैरे बाजूला ठेवून मी आधी हेच करते, चक्क्यात फळांचे तुकडे कालवायचे, चमच्याने छोटे छोटे ढीग घालून गोठवायचे आणि वरून चॉकलेटमध्ये बुडवायचे. मुलं शाळेतून आली की थेट फ्रीजर उघडतात. मागच्या आठवड्यात जाऊबाईंचा फोन आला, अगदी रडकुंडीला आल्या होत्या, "अगं, आतला गोळा दगडासारखा झालाय, चॉकलेट निम्मं गळून पडलं आणि उरलेलं पातेल्यात कणकेसारखं घट्ट होऊन बसलंय." एकाच दिवशी तिन्ही गोष्टी बिघडल्या, आणि तिन्हींचं कारण एकच होतं, पाणी. दह्यातलं पाणी, फळातलं पाणी, चमच्याला राहिलेलं पाणी. रेसिपी व्हिडिओत अर्ध्या मिनिटात संपते पण हे पाणी कुठून कुठून येतं ते कोणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

साधं दही वापरू नका

सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. साध्या दह्यात ऐंशी टक्क्यांच्या वर पाणी असतं, ते गोठलं की बर्फाचे जाडे खडे होतात आणि खाताना दाताखाली कचकच लागतं, दह्याची मऊ चव येतच नाही. चक्काच हवा. घरचं दही फडक्यात बांधून फ्रीजमध्ये चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, आणि सहा ते आठ तास सोडून द्या. उन्हाळ्यात बाहेर टांगलं तर आंबट होतं, ती चूक मुळीच करू नका. एक किलो दह्याचा अर्ध्या किलोच्या आतबाहेर चक्का निघतो, म्हशीचं दूध असेल तर जरा जास्त. झाला की नाही ते बघायला चमचाभर घेऊन चमचा उलटा करा, चक्का पडला नाही तर तयार आहे.

आता याच्या उलटही होतं. रात्रभर बांधून वर वजन ठेवलेला चक्का अगदी कोरडा होतो, गोठल्यावर भुसभुशीत लागतो. तसा झाला तर दोन चमचे घरची साय घालून छान फेटून घ्या, सायीतल्या स्निग्धपणामुळे गोळा मऊ राहतो. डेअरीतून तयार चक्का आणला तर आधी चाखून बघा, एकदा मी न चाखता आणलेला इतका आंबट निघाला की कितीही साखर घातली तरी तोंड वाकडं व्हायचं आणि अख्खा ट्रे वाया गेला.

साखर कमी केली म्हणून दगड झाला

हेल्दी करायचं म्हणून साखर अजिबात न घालणारे पुष्कळ जण आहेत आणि त्यांचीच तक्रार असते की दात तुटतील एवढं कडक होतं. साखर फक्त गोडीसाठी नसते हो, साखर विरघळली की पाणी गोठायला जास्त थंडी लागते, म्हणून थोडा भाग न गोठता राहतो आणि गोळा चावता येतो. मध तर यात आणखी छान काम करतो. 250 ग्रॅम चक्क्याला तीन मोठे चमचे पिठीसाखर किंवा मध, याच्या खाली मी जात नाही. शिवाय गार पदार्थ जिभेला कमी गोड लागतो, म्हणजे मिश्रण चाखताना "जरासं जास्तच झालं" असं वाटलं तर ते बरोबर आहे. एक वर्षाच्या आतलं बाळ घरात असेल तर त्याला मध घातलेलं काहीही देऊ नका, हे मी प्रत्येक वेळी सांगते आणि सांगत राहणार.

आणि साखर चक्क्यात घाला, फळांवर नको! चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर साखर भुरभुरवून ठेवली की दहा मिनिटांत वाटीत लाल पाणी सुटतं, मग बांधून काढलेलं सगळं पाणी आपणच परत आत ओततो.

फळं: कुठलं चालतं, कुठलं घात करतं

स्ट्रॉबेरी देठासकट धुवायची, देठ काढून धुतली तर आत पाणी शिरतं. मग सुती कापडावर पसरून अर्धा तास पंख्याखाली, आणि चिरल्यावर परत एकदा कापडाने टिपायची. तुकडे हरभऱ्याएवढे करा, मोठे ठेवले तर तो तुकडा नुसता बर्फ होतो. हापूस चालतो पण घट्ट फळ घ्या, फार पिकलेला असेल तर तुकडे न करता रस थोडा आटवून चक्क्यात घाला, आम्रखंडासारखी चव येते आणि माझ्या मते तर सगळ्यांत चांगले बाइट्स हेच होतात. केळं चालतं, चिरल्यावर लिंबाचे दोन थेंब लावा म्हणजे काळं पडत नाही. कलिंगडाच्या नादी लागू नका, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं.

आता अननस, किवी आणि पपई. हे जरा नीट वाचा कारण इथे लोकांना कळतच नाही काय चुकलं. ही तिन्ही फळं न शिजवलेली असताना त्यांत असे एन्झाइम असतात जे दुधातल्या प्रोटीनचे तुकडे करतात. चक्क्यात मिसळून तासभर ठेवलं की मिश्रण पातळ व्हायला लागतं आणि हळूहळू कडवट चव येते, मग आपण म्हणतो दही खराब होतं. दही चांगलंच असतं. अननस घालायचाच असेल तर थोड्या साखरेत चार-पाच मिनिटं शिजवा, गरम केल्यावर तो एन्झाइम निकामी होतो, आणि पूर्ण गार करून मग मिसळा. डब्यातला अननसही चालतो, तो आधीच गरम केलेला असतो, फक्त पाक नीट निथळून घ्या. किवी मी आत घालतच नाही.

नाशिकची द्राक्षं मात्र या कामासाठीच जन्माला आली आहेत असं वाटतं मला, चक्क्यात घोळवून गोठवली की आत सरबतासारखी लागतात. पण लहान मुलांसाठी अख्खं द्राक्ष गोठवू नका, घशात अडकायची खरी भीती असते, उभी चार फोडी करा. अगदी लहान असतील तर त्यांना फ्रीजरमधून काढल्या काढल्या देऊच नका, नरम झाल्यावर द्या आणि जवळ बसा.

गोठवायची घाई

ढीग वरून कडक लागले म्हणून दीड तासात बाहेर काढून चॉकलेटमध्ये बुडवणं, ही चूक फार महागात पडते. मधे अजून ओलं असतं. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं, म्हणजे चॉकलेटचं कवच बसल्यावर आतला ओला भाग गोठून फुगतो आणि कवच तडकतं, दुसऱ्या दिवशी बघावं तर फटीतून दही बाहेर आलेलं. निदान चार तास ठेवा, छोट्या सिंगल डोअर फ्रीजच्या फ्रीजरमध्ये रात्रभर, कारण तो उणे 18 पर्यंत जातोच असं नाही. लाइट जाऊन आली असेल तर तास परत पहिल्यापासून मोजा.

एक गोष्ट मला उशिरा सुचली, प्लॅस्टिकच्या ट्रेऐवजी स्टीलचं ताट वापरायचं, ते आधी रिकामंच अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून गार करायचं, मग त्यावर बटर पेपर आणि त्यावर ढीग. स्टील थंडी पटकन पोचवतं, जितकं लवकर गोठतं तितके बर्फाचे कण बारीक होतात आणि खाताना फरक चांगलाच जाणवतो. बटर पेपर मात्र हवाच, नाहीतर ढीग ताटाला असे चिकटतात की सुरीने खरवडावे लागतात. मिठाईच्या दुकानातला पातळ कागद नको, तो भिजून तुकड्यांना चिकटतो.

चॉकलेट अचानक घट्ट झालं

जाऊबाईंच्या पातेल्यात झालं ते हेच. चॉकलेट म्हणजे कोकोचे आणि साखरेचे अगदी बारीक कोरडे कण, तुपासारख्या स्निग्ध पदार्थात तरंगणारे. त्यात पाण्याचे दोन थेंब गेले की साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि एवढा वेळ चकचकीत धारेने पडणारं चॉकलेट डोळ्यांदेखत निस्तेज, रवाळ गोळा होतं, ढवळावं तसं आणखी घट्ट. थेंब कुठून येतो तर डबल बॉयलरच्या (गरम पाण्याच्या पातेल्यावर वाटी ठेवून चॉकलेट वितळवतो, त्याच्या) वाफेतून, नुकत्याच धुतलेल्या चमच्यावरून, लाकडी कालथ्यातून (तो वरून कोरडा वाटतो पण ओल धरून असतो), वाटी उचलताना तिच्या बुडाला लागलेल्या पाण्यातून. म्हणून खालच्या पातेल्यात दोन बोटंच पाणी घ्या, उकळलं की गॅस बंद, वरची वाटी पाण्याला टेकू नये आणि पातेल्याच्या तोंडावर पक्की बसावी म्हणजे वाफ बाजूने वर येत नाही. मायक्रोवेव्ह असेल तर तोच बरा, कमी पॉवरवर 30 सेकंद, ढवळा, मग 15-15 सेकंद, थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, ते ढवळून विरघळतात. व्हाइट चॉकलेट आणि मिल्क चॉकलेट लवकर करपतं, तिथे जास्तच लक्ष द्या.

पातळ करायला बटर घालू नका, बटरमध्येही पाणी असतं! खोबरेल तेल घाला, खायचं, वास न लावलेलं. 200 ग्रॅम चॉकलेटला एक मोठा चमचा. खोबरेल 24 डिग्रीच्या आसपास थिजतं, म्हणून फ्रीजरमध्ये त्याच्यामुळेच कवच कुरकुरीत होतं आणि चावल्यावर तो कट्ट आवाज येतो. मे महिन्यात मात्र तेल निम्मं करा, नाहीतर हातात घेतल्या घेतल्या बोटांना लागतं.

घट्ट झालंच तर फेकू नका. कोटिंगला ते आता चालणार नाही, पण चमचा चमचा गरम दूध घालत ढवळत राहा, आधी आणखी बिघडल्यासारखं दिसेल, मग एकदम मऊ सॉस होतो. आइस्क्रीमवर घाला, पोळीला लावून द्या.

कंपाऊंड की खरं चॉकलेट, हे सगळेच विचारतात. कंपाऊंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तूप असतं, वापरायला सोपं, पण इतकं गार असताना ते तोंडात मेणासारखं लागतं असं माझं स्पष्ट मत आहे. मी अमूलची 55 टक्के डार्क वापरते. टेंपरिंगचं (चॉकलेट ठरावीक तापमानाला गरम-गार करून चकचकीत, कडक बसवण्याचं) टेन्शन घेऊ नका, हे फ्रीजरमधून थेट तोंडात जाणार आहे, बाहेर राहणार नाही. चॉकलेट चिप्स बेकिंगमध्ये आकार टिकावा म्हणून बनवलेल्या असतात, त्यांना विरघळवलं तरी दाट राहतात, त्यामुळे घरात तेवढंच असेल तर तेल थोडं वाढवा.

कोटिंग गळतं, सरकतं, जाड बसतं

गरम चॉकलेटमध्ये बुडवलं तर वरचा थर वितळतो, चॉकलेट सरकतं आणि सुटलेलं पाणी वाटीत जाऊन सगळंच घट्ट होतं. फार गार असेल तर जाड थर बसतो आणि चावताना अख्खी खपली निघून येते. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा, गरमही नाही गारही नाही असं लागलं म्हणजे बरोबर, बाळाचं दूध बघतो तसं.

सगळं ताट एकदम बाहेर काढू नका. आपल्याकडच्या दमट हवेत, मुंबई-कोकणात तर विचारूच नका, दोन मिनिटांत तुकड्यांवर पांढरं दव जमतं आणि त्या दवावर चॉकलेट धरत नाही. पाच-सहा काढा, काट्याने बुडवा, वाटीच्या काठावर दोनदा आपटून जास्तीचं निथळा, गार ताटावर ठेवा, मग पुढचे पाच. वर पिस्त्याचे काप किंवा जाडं मीठ घालायचं असेल तर कोणाला तरी शेजारी उभं करा कारण चॉकलेट दहा-पंधरा सेकंदांत बसतं, नंतर टाकलेलं सगळं घरंगळून खाली. हे काम आमच्याकडे धाकट्याचं असतं आणि तो ते फार मनापासून करतो.

ठेवताना

घट्ट झाकणाचा डबा घ्या, थरांमध्ये बटर पेपर. उघड्या ताटात ठेवलं आणि शेजारी सुरमई किंवा लसणाची पेस्ट असेल तर दोन दिवसांत तो वास चक्क्यात उतरतो, स्निग्ध पदार्थ वास फार लवकर ओढतात. दोन-तीन आठवड्यांत संपवा, पुढे वर बर्फाचा भुगा जमतो आणि चव उतरते. एकदा पूर्ण वितळलेले परत गोठवू नका. खायच्या आधी पाच मिनिटं बाहेर काढून ठेवा, याहून जास्त नको, कवचाला घाम फुटतो.

वाटीत उरलेल्या चॉकलेटमध्ये दह्याचे कण गेलेले असतात, ते बरणीत भरून कपाटात ठेवू नका. त्याच वाटीत कपभर गरम दूध ओता, कडा चमच्याने खरवडून घ्या आणि लगेच पिऊन टाका.